करकोच्याची मान

त्यांना सगळे कात्रीकाका म्हणत, पण हे नाव सलूनमध्ये पडलेलं नव्हतं. सलूनमध्ये ते गिऱ्हाइकांचे नुसते काका होते आणि शेजारच्या खुर्चीवर काम करणाऱ्या भाच्याचे मामा. कात्रीकाका हे नाव त्यांना बागेनं दिलं होतं. त्याचा त्यांना इतका अभिमान होता, की बायकोनंही कधीमधी त्याच नावानं हाक मारावी असं त्यांना वाटायचं. ती मारत नसे. "घरात कात्री मी जास्त चालवते," एवढंच म्हणायची.

बाग फार जुनी. कुणा बड्या घराण्यानं हौसेनं लावलेली. ते घराणं पांगलं, त्यांचं घर पडलं, तिथले दगड लोकांनी आपापल्या भिंतींना नेले. बाग मात्र तशीच राहिली. आत गोल हौद, त्याच्याभोवती दगडी पायवाटा, आणि एका बाजूला बारीक पानांच्या, बारा महिने हिरव्या राहणाऱ्या झाडांची रांग. ही झाडं नुसती वाढू दिलेली नव्हती, तर कातरून कातरून त्यांना आकार दिलेले होते. काही गोळे, काही शंकू, काही एकावर एक थाळ्या ठेवल्यासारखे मनोरे. आणि रांगेच्या शेवटी एक करकोचा. अंग गुबगुबीत, शेपूट आखूड, आणि वर लांबसडक, किंचित वाकलेली मान. हे झाड वर्षाला जेमतेम बोटभर वाढतं. म्हणजे ती मान व्हायलाच एका माणसाचं अख्खं आयुष्य गेलं असणार. गावात कुणाला कुणाची गाठ घ्यायची असली की "करकोच्यापाशी ये" म्हणत.

मध्यंतरी ही जागा गाड्या उभ्या करायला द्यायची असं ठरत आलं होतं. तेव्हा भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई उभ्या राहिल्या. निम्म्या गावाला त्यांनीच त्रिकोण शिकवलेले, त्यामुळे पिकल्या केसांची माणसंही त्यांना बाईच म्हणत. त्यांनी बाग राखण मंडळ काढलं. ज्यानं त्यानं वर्षाची वर्गणी भरायची, सभासद व्हायचं, छातीला बिल्ला लावायचा, आणि त्यातून बाग चालवायची. हळूहळू आसपासच्या आणखी काही जुन्या बागाही मंडळाकडे आल्या. बिल्ल्यावर अर्थातच करकोचा होता.

बाई पोस्टर लावायला सलूनमध्ये आल्या, तेव्हा काकांनी ते आरशाच्या शेजारी लावू दिलं आणि हसत हसत वर्गणीही भरली. पहिल्यांदा बाग बघायला गेले तेव्हा मात्र ते बराच वेळ करकोच्यासमोर उभे राहिले. मान एकदा डावीकडे कलती केली, एकदा उजवीकडे.

"काय बघताय?" बाईंनी विचारलं.

"डाव्या बाजूला केस जास्त राहिलेत," काका म्हणाले. मग जीभ चावून म्हणाले, "म्हणजे पानं."

बाईंनी दोरी लावून मोजून पाहिलं. खरंच डावी बाजू फुगली होती. पुढच्या मंगळवारी, सलूनच्या सुट्टीच्या दिवशी, काका आपल्या पायांनी बागेत आले आणि शिडीवर चढले. त्यानंतर त्यांचा एकही मंगळवार चुकला नाही. बागेची बाकी सगळी कामं मंडळाच्या पगारी माळ्याकडे होती. तो काकांपेक्षा बराच लहान, अंगानं बारीक आणि बोलायला त्याहून बारीक. कातरझाडांची रांग मात्र काकांची. मंगळवारी लोक मुद्दाम बघायला थांबायचे. काका पायवाटेवर मागे जायचे, एक डोळा मिटायचे, परत शिडीवर चढून दोन पानं उडवायचे. "सायबांचे कल्ले झाले, आता मागची बाजू," असं मोठ्यानं म्हणायचे. लोक हसायचे. आयुष्यभर माणसांच्या मागे उभं राहून काम केलेल्या या माणसाला पहिल्यांदाच समोरून कुणी बघत होतं.

पुढे कधीतरी त्यांच्या डोळ्यांवर साय यायला लागली.

सुरुवातीला त्यांना वाटलं, सलूनचा आरसा जुना झाला. मग वाटलं, भाच्यानं आणलेले दिवे स्वस्तातले. घरी चहा ओतताना कपाबाहेर पडला तेव्हा ते कपावर चिडले. "असले कान कोण लावतं कपाला? धरायचं कुठं कळत नाही."

बायको चहा पुसत म्हणाली, "डोळे दाखवून या."

"माझे डोळे तुझ्याहून बरे आहेत. सुईत दोरा मी ओवतो."

"गेल्या वर्षापासून मी ओवतेय," ती म्हणाली. काकांनी वर्तमानपत्र उघडलं. त्यात बातम्यांच्या जागी त्यांना करडे पट्टे दिसत होते, तरी त्यांनी पानं उलटली.

डॉक्टरकडे न जाण्याचं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. ऑपरेशनची भीती नव्हती. एकदा मोतीबिंदू आहे असं कुणाच्या तोंडून निघालं, की कात्री आणि वस्तरा दोन्ही हातातून जाणार, ही भीती होती. शिवाय हात तर व्यवस्थित होते. हाताला सगळं कळतं, डोळ्यांचं काय एवढं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. झाडाच्या अंगावरून तळवा फिरवायचा, कुठं खरखरलं की तिथं कात्री. जमत होतं. निदान त्यांना तरी तसं वाटत होतं.

सभासद दिन पंधरा दिवसांवर आला होता. वर्षातून एकदा सगळ्या बागांचे सभासद पाहुण्यांना घेऊन इथं जमत. त्या मंगळवारी काका करकोच्याचं शेवटचं काम करायला शिडीवर चढले. ऊन कडक होतं आणि समोरून येत होतं. उजेड असला की त्यांना उलट कमीच दिसायचं, सगळं दुधात बुडवल्यासारखं. मानेपाशी त्यांना एक काळसर फांदी बाहेर आलेली दिसली. नको तिथं वाढलेली, बाकी आकाराशी न जुळणारी. त्यांनी मोठी कात्री लावली. कात्रीत जाड लाकूड आलं. एवढीशी फुटलेली फांदी इतकी जाड कशी, असं हातानं विचारलं होतं. काकांनी हाताचं ऐकलं नाही. दोन्ही मुठी आवळल्या.

काहीतरी त्यांच्या खांद्याला घासून खाली पडलं.

ते उतरले. गवतात हात फिरवला. चोच हाताला लागली, मग डोकं, मग मान. त्यांनी ती उचलून छातीशी धरली आणि तशीच उभी राहिली त्यांची मूर्ती, हातात हिरवं मुंडकं घेऊन. पायवाटेवर कुणी नव्हतं. माळी बागेच्या दुसऱ्या टोकाला गुलाबांना पाणी देत होता, नळीचा आवाज येत होता.

हाक मारायला एक क्षण पुरेसा होता. तो गेला. मग पुढचाही गेला.

काका अवजारांच्या खोलीत गेले आणि तारेचं भेंडोळं घेऊन आले. एक काठी मानेच्या आत खुपसली, तिचं दुसरं टोक करकोच्याच्या धडात, आणि तार गुंडाळून वरून पानं ओढून घेतली. हाताला ते काम उत्तम जमलं. लांबून पाहिलं तर करकोचा होता तसाच होता. उद्या सांगू, असं ठरवून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सांगायला म्हणूनच ते सकाळी बागेत गेले होते. पण जाताना सलूनमधली पाण्याची फवारा बाटली पिशवीत घातली होती. केस भिजवायची ती बाटली. कुणी नाही असं बघून त्यांनी कापलेल्या मानेवर पाणी मारलं, भादरायला बसवलेल्या गिऱ्हाइकावर मारावं तसं. मग रोजच मारायला लागले. पाण्यानं तग धरेल, सभासद दिन पार पडेल, मग सांगू. आपण काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. रात्री अंथरुणावर पडलं की स्वतःचीच किळस यायची. सकाळी पुन्हा बाटली पिशवीत.

मान कधी वाळली ते त्यांना कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांना हिरवं आणि तपकिरी आता सारखंच झालं होतं.

सभासद दिनाला काका पांढरा शुभ्र सदरा घालून, बिल्ला लावून गेले. सोबत बायको होती, भाचा होता. हौदापाशी खुर्च्या मांडल्या होत्या. बाईंनी छान भाषण केलं. मग सगळी मंडळी बाग बघायला निघाली आणि रांगेच्या शेवटी येऊन थबकली. पुढची माणसं गप्प झाली, तसे मागचे टाचा उंचावून बघायला लागले.

"हे असं काय झालंय?" दुसऱ्या गावचे एक सभासद म्हणाले. "डोकं वाळलंय पार."

हिरव्यागार अंगावर मातकट तपकिरी मान. बाईंचा चेहरा पडला. गेले काही दिवस तयारीच्या गडबडीत त्यांना इकडे फिरकायला फुरसत झाली नव्हती. त्यांनी वळून माळ्याकडे पाहिलं.

"मी नको म्हटलं होतं ना त्या किडीच्या औषधाला?"

"करकोच्यावर मारलं नव्हतं, बाई," माळी म्हणाला. "गुलाबांवरच मारलं होतं."

"मग हे काय आहे? आपोआप जळलं? दीडशे वर्षं जे झाड टिकलं ते तुझ्या हाती आल्यावर..." बाई थांबल्या, पण थांबायला जरा उशीर झाला होता. एवढ्या माणसांसमोर माळी खाली बघत उभा होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती आणि तिची कड बोटांनी फिरवत होता.

काका तीन माणसं सोडून उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. आता सांगतो, असं खरंच मनात होतं. पण तोंडातून निघालं ते असं:

"यंदा ऊनही फार होतं, बाई."

दोघातिघांनी माना डोलावल्या. हो, ऊन होतंच. माळ्यानं मान वर करून काकांकडे पाहिलं. काकांना त्याचा चेहरा नीट दिसला नाही, पण तो आपल्याकडे बघतोय एवढं कळलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"समितीपुढं घेऊ हा विषय," बाई म्हणाल्या. "तोवर या रांगेला तू हात लावायचा नाहीस."

घरी परत येताना भाचा पुढे गेला होता. बायको काकांचा हात धरून चालत होती, हल्ली ती धरायचीच.

"उन्हानं नुसती मानच वाळते का हो?" तिनं विचारलं.

काका पुढे बघत चालत राहिले. ती म्हणाली, "सलूनची बाटली रोज कुठं नेत होतात?"

"पाणी भरायला."

"बरं," ती म्हणाली. तिनं हात सोडला नाही, आणि ते काकांना हात सोडण्यापेक्षा जड गेलं.

पुढचे काही दिवस ते सलूनमध्ये खुर्ची पुसत बसायचे. गिऱ्हाइकं बागेचीच गोष्ट काढायची. एक म्हणाला, माळ्याला काढून टाकणार म्हणे. दुसरा म्हणाला, काढायलाच पाहिजे, असल्यांच्या हातात असली बाग द्यायचीच कशाला. काका आरशात बघत होते. आरशात त्यांना एक पांढरट ढेकूळ दिसत होतं, आणि ते आपलं तोंड आहे हे ठाऊक असल्यामुळेच ओळखू येत होतं.

"मामा, तुमचं काय मत?" भाच्यानं विचारलं.

काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढून खुर्चीवर ठेवला आणि बाहेर पडले.

माळी अवजारांच्या खोलीत दगडावर कात्रीला धार लावत होता. काका दारात उभे राहिले.

"बसा," माळी म्हणाला.

"बसत नाही. मान मी कापली."

दगडावर घासण्याचा आवाज चालूच राहिला. "हो," माळी म्हणाला.

"हो म्हणजे? तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी संध्याकाळी कळलं. तार आपलीच होती. आणि काठी माझी, टोमॅटोची."

"मग बोलला का नाहीस?"

माळ्यानं कात्री बाजूला ठेवली. त्याला शब्द जुळवायला वेळ लागायचा. "वाटलं, तुम्ही सांगाल. दुसऱ्या दिवशी सकाळी आलात, तेव्हा वाटलं आता सांगतील. मग तुम्ही पाणी मारायला लागलात. मी म्हटलं, असू दे, धक्का बसलाय माणसाला. बाई बोलत होत्या तेव्हाही मला वाटत होतं की तुम्ही सांगाल. तुम्ही तिथंच उभे होतात, काका."

काकांना बसावं लागलं. तिथं उलटी ठेवलेली बादली होती, तिच्यावर बसले. आयुष्यात त्यांना लोक टाकून बोलले होते, एकानं तर ऐन गर्दीत सलूनमध्ये शिव्या घातल्या होत्या. पण कुणी आपली इतकी वाट बघितली आणि आपण आलोच नाही, असं कधी झालं नव्हतं.

"मला माफ कर," ते म्हणाले.

"मला सांगून काय उपयोग? माझी नोकरी बाईंच्या हातात आहे." त्यात राग नव्हता. होतं तसं तो सांगत होता.

समितीची बैठक फाटकाजवळच्या खोलीत होती. बाई, खजिनदार आणि फुलांचे वाफे बघणाऱ्या एक काकू, एवढी माणसं. काकांनी आत येऊन उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कापलं, जोडलं, पाणी मारलं, ऊन फार होतं असं म्हटलं. शेवटचं वाक्य सांगताना आवाज गेला, तेव्हा त्यांनी खाकरून पुन्हा सांगितलं, कारण तेच सगळ्यात वाईट होतं.

बाईंनी शांतपणे विचारलं, "समोरच्या भिंतीवर पाटी आहे. काय लिहिलंय?"

ती पाटी काका कित्येक वर्षं बघत आले होते. "फुले तोडू नयेत," ते लगेच म्हणाले.

खजिनदारांनी मान खाली घातली. वाफेवाल्या काकूंनी पदर तोंडाला लावला. ती पाटी मागच्याच महिन्यात बदलली होती. तिथं आता 'पाणी जपून वापरा' असं लिहिलं होतं.

"कधीपासून दिसत नाही?" बाईंनी विचारलं.

"दिसतं," काका म्हणाले, आणि मग, "बरेच दिवस झाले."

"आणि असं असताना तुम्ही शिडीवर चढत होतात. आणि लोकांच्या गळ्यावर वस्तरा धरत होतात." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्यावर चिडायचं आहे मला. नंतर चिडेन. मी त्या माणसाला सगळ्यांदेखत बोलले, कारण नसताना. आधी ते निस्तरायला हवं. तुम्हीही चला."

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी बागेत काम करणारे सगळे सभासद जमले होते. बाईंनी माळ्याला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली, वर्गात चुकलेलं गणित दुरुस्त करावं तशी, स्पष्ट, एकेक शब्द. मग काका बोलले. त्यांनी घरी बरंच ठरवून ठेवलं होतं, पण फक्त "मान मी कापली आणि बोलणी ह्याला खाऊ दिली" एवढंच बोलून झालं. ज्या माणसांना हसवायची त्यांना सवय होती, तीच माणसं आता समोर गप्प उभी होती. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटण्याची वेळ ती हीच, असं त्यांना वाटलं. माळी मध्येच म्हणाला, "झालं, काका," आणि नळी उचलून गुलाबांकडे गेला.

ऑपरेशन बायकोनं ठरवलं, भाच्यानं नेलं. आधी एक डोळा, मग काही दिवसांनी दुसरा. पट्टी निघाली तेव्हा काकांना पहिल्यांदा बायको दिसली. ती इतकी म्हातारी झाली होती आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, हे बघून ते गडबडले.

"काय बघताय?"

"काही नाही," ते म्हणाले. "सुईत दोरा ओवायचाय का?"

ती हसली. मग तिनं स्वतःचे डोळे पुसले आणि तुम्ही पुसू नका, टाके दुखतील, म्हणून त्यांना दटावलं. टाके घातलेच नव्हते, पण काका दटावून घेऊन गप्प बसले.

सलूनमध्ये परत गेले त्या दिवशी निवृत्त पोस्टमन आले होते. काकांचे जुने गिऱ्हाईक. गेल्या दोन-तीन वर्षांत बाकीचे एकेक करून भाच्याच्या खुर्चीकडे सरकले होते. काकांना वाटायचं, तरुण पोरांना तरुण हात आवडतात. पोस्टमन मात्र भाच्याची खुर्ची रिकामी असली तरी काकांसाठी थांबायचे. आजही ते येऊन काकांच्या खुर्चीत बसले. काकांनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि आरशात पाहिलं.

एक कल्ला कानाच्या वर, दुसरा पार गालापर्यंत. मागे पायऱ्या पडलेल्या. कानामागे एक जुना व्रण, बारीक, सरळ, वस्तऱ्याचा.

"हे मी केलंय?" काकांनी विचारलं.

"कोण बघतंय मला आता," पोस्टमन म्हणाले. "घरी तरी कोण आहे?"

"अहो, पण तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतकं मन लावून कापायचात. काय बोलणार?"

काकांनी भाच्याकडे पाहिलं. भाचा एकदम फण्या धुवायला लागला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की गिऱ्हाइकं आपण होऊन सरकली नव्हती. कुणीतरी त्यांना डोळ्यांनी खुणावून त्या खुर्चीवर नेलं होतं, रोज, मामांना कळू न देता. त्यांनी पोस्टमनचे केस त्या दिवशी फार सावकाश कापले. कानामागच्या व्रणाजवळ आले तेव्हा कात्री थांबवून उभे राहिले, आणि पोस्टमननी झोप लागल्यासारखे डोळे मिटून घेतले.

निदान बागेचं काम तरी आपण नीट केलं, एक मान सोडली तर, असं म्हणत ते मंगळवारी बागेत गेले. रांग बघून त्यांना खरंच बरं वाटलं. गोळे गोल होते, शंकू सरळ होते, मनोऱ्यांच्या थाळ्या एका रेषेत. मुंडकं नसलेला करकोचा शेवटी उभा होता. त्याच्याकडे न बघता काका वाफेवाल्या काकूंना म्हणाले, "बघा, न दिसता एवढं केलं. हातात असतं हो ते."

काकू खुरपत होत्या. त्या वर न बघता बोलून गेल्या, "तुम्ही गेलात की माळी परत शिडी लावायचा ना. अंधार पडेस्तोवर चालायचं त्याचं." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी खुरपं जरा जास्तच जोरात चालवलं.

काका तिथून हलले नाहीत. प्रत्येक मंगळवारी, लोक टाळ्या वाजवून गेल्यावर, माळी शिडी लावत होता. एकदाही बोलला नव्हता. आणि त्याच माळ्याला त्यांनी 'ऊन फार होतं' म्हणून वाऱ्यावर सोडलं होतं. करकोच्याच्या मानेची लाज त्यांना आली होती ती एका दिवसाची लाज होती. ही मागच्या सगळ्या मंगळवारांवर पसरत गेली. 'सायबांचे कल्ले झाले' म्हणून आपण लोकांना हसवत होतो, आणि बघायला उभे असलेले निम्मे लोक हे जाणून हसत होते, असं त्यांच्या मनात आलं आणि मग ते निघेना.

त्या दिवशी ते तसेच घरी गेले. पुढच्या मंगळवारी बागेत गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही. घरी बायकोनं त्यांना भाजी निवडायला बसवलं. ते एकेक पान उलटून पालटून बघायचे, इतकं की तिची भाजी दुपारपर्यंत होईना.

शेवटी माळीच आला. दारात चपला काढून उभा राहिला, आत येईना.

"करकोच्याच्या खांद्यापाशी कोंब फुटलाय," तो म्हणाला. "त्याला वळवून काठीला बांधायचंय. मला एकट्याला जमत नाही. एकानं धरायला लागतं."

"मी नाही येत," काका म्हणाले. "दुसरं कुणी बघ."

"दुसऱ्यांना नुसतं बघायला आवडतं. धरायला कुणी येत नाही."

बायकोनं आतून काकांची टोपी आणून त्यांच्या हातात दिली.

कोंब बोटाएवढा होता, पोपटी, वाऱ्यानं हलणारा. त्याची मान व्हायला किती काळ लागेल हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही. काका तेव्हा नसणार हे उघड होतं. शिडीवर माळी चढला. शिडीवर काकांनी चढायचं नाही असं बाईंनी सांगितलं होतं आणि काकांनी ते विचारूनही पाहिलं नाही. त्यांनी खालून काठी वर सरकवली आणि घट्ट धरून उभे राहिले.

खालून बघताना त्यांना माळ्याची मान दिसली. मागचे केस नुकतेच कापलेले होते. कडा स्वच्छ, दोन्ही बाजू सारख्या. हा आपल्या सलूनमध्ये कधीच येत नाही, हे काकांना एवढ्या वर्षांत खटकलं होतं. त्यांना वाटायचं, दूर राहतो म्हणून.

"केस कुणी कापले?" त्यांनी विचारलं.

माळी जरा घुटमळला. "पुलापलीकडं एक आहे. आधीपासून त्याच्याकडंच जातो मी."

"चांगले कापलेत," काका म्हणाले. त्यांना ते खरंच चांगले दिसत होते.

"काठी थोडी डावीकडं घ्या," माळी म्हणाला.

काकांनी काठी डावीकडं घेतली. पायवाटेवरून एक बाई आपल्या सासूला घेऊन चालली होती. ती थांबली आणि तिनं विचारलं, "ह्याची मान कुठं गेली हो?" माळी वरून उत्तर देणार होता, तेवढ्यात काकांनी सांगितलं, "मी कापली. चुकून." ती बाई काय बोलावं ते न कळून पुढे गेली. काकांच्या कानाच्या पाळ्या पुन्हा तापल्या. वर माळी सुतळीची गाठ मारत होता. ती पक्की बसेपर्यंत ते काठी धरून उभे राहिले.